तोरणाखालचे कमिटीचे बैल

त्या प्रकरणाला आता एक पिढी उलटली, तरी त्याची आठवण निघाली की माझे डोके अजून तापते. पोलीस खात्यात असताना मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा राग वर्षांबरोबर निवला. हा निवला नाही. या प्रकरणात कोणी कोणावर हात उगारला नव्हता. एका माणसाने आपल्या शहराचा वर्षाचा हिशोब चार लोकांना समजावून सांगितला, आणि तेवढ्यासाठी त्याला माझ्या ठाण्याच्या कोठडीत बसावे लागले. मी कोणाचेही नाव देणार नाही. काही माणसे वारली आहेत, काहींची मुलेबाळे आज मानाने राहतात.

तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागत. कालपर्यंत पायी फिरणारे दलाल घोड्यावर दिसू लागले. शहर फुगले, तशी घाणही वाढली. तेव्हा साहेबलोकांनी शहर कमिटी नेमली आणि तीत गावातले वजनदार शेटसावकार घेतले.

कमिटीचा कारभार कसा चालतो ते आधी सांगतो, नाहीतर गुन्हा काय होता हे वाचकांना कळणार नाही. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात घेतली जाते. कापसाच्या गाडीमागे बाजारपट्टी असते, घरामागे घरपट्टी. ही झाली जमा. त्यातून रस्त्यावर मुरूम पडतो, दिवे लागतात, पहारेकऱ्यांचे पगार होतात, कचरा उचलला जातो. हा झाला खर्च. उरते ती शिल्लक. यात न समजण्यासारखे काही नाही. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजते. म्हणूनच कमिशनर साहेबांनी हुकूम काढला होता की, वर्ष संपले की जमाखर्च चारही चौकांत दवंडी पिटून लोकांच्या भाषेत सांगावा. पैसा ज्यांचा, त्यांनी तो ऐकावा. हुकूम चांगला होता. कमिटीने त्याचा तमाशा केला. डफवाला कडाडून डफ वाजवी, आणि त्याच आवाजात कारकून आपला फारशी शब्दांनी भरलेला कागद भरभर वाचून मोकळा होई.

मी तेव्हा अमरावतीस ठाणेदार होतो. श्रावणातला दिवस. मी रोजनामा लिहीत होतो, तेवढ्यात आमचा हवालदार एका पिंजाऱ्याला घेऊन आला. चाळिशीतला मुसलमान माणूस, खांद्यावर कापूस पिंजण्याची कमान तशीच. मागोमाग कमिटीच्या एका शेटजींची फिर्याद आली. मजकूर असा: याने भर बाजारात कमिटीवर खोटे आळ घेतले, आणि हंगामात नाक्यावर पट्टी देऊ नका म्हणून गाडीवानांना चिथावले.

"कमिटीविरुद्ध बोललास?" मी विचारले.

"बोललो साहेब. काहून खोटं सांगू?" तो म्हणाला. "दवंडी झाली, कोणाले काईच समजलं नाही. लोक मले म्हणे, मियां, तुमाले कागदातली बोली समजते, काय म्हणे तो कारकून? मंग मी समजावून सांगून राहिलो होतो."

"काय सांगितलंस?"

"माह्या धंद्यातलंच सांगितलं. शेरभर कापूस घेतला, लोकायच्या समोर पिंजला. ढीग कमरेइतका झाला. म्हटलं, पाहा, दिसते मनभर, पण तोलला तं शेरभरच भरते. कमिटीनं तुमचा खर्च असाच पिंजला."

हवालदाराने तोंड फिरवले. तो हसत होता. "साहेब, बाजारातले सारे असेच हासून राहिले होते," तो म्हणाला. शेटजींना खरा झोंबला होता तो हा हशा.

"पट्टी देऊ नका म्हणालास?"

"तौबा! पट्टी नाही देल्ली तं रस्ता कोण करीन? म्या म्हटलं, द्या, अन् त्याचं काय आणलं ते पाहा. दवंडीत सोळा जोड्यायचा चारा सांगितला, कचऱ्याच्या गाड्यायच्या बैलायचा. आमच्या मोहल्ल्यात पावसाचं पाणी लागल्यापासून गाडी नाही आली. सोळा जोड्या हायेत कुठं? मले दाखवा, मी नाक घासतो."

मग तो कमानीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, चाचपत म्हणाला, "वांती-जुलाबानं चार घरं धरली. माहा लहान भाऊ गेला त्यात." आवाज तोच होता, पण त्यानंतर तो माझ्याकडे पाहीना. फिर्याद लेखी होती, म्हणून चौकशी होईपर्यंत मला त्याला कोठडीत ठेवावे लागले.

शेटजींनी तीन साक्षीदार दिले होते. मी तिघांना वेगवेगळे बसवून जबान्या घेतल्या. तिघांनीही पिंजाऱ्याच्या तोंडी पट्टी न देण्याचे एकच वाक्य, त्याच शब्दांत घातले. नवीन पोलीस अंमलदारांना मी नेहमी सांगत असे, खरे पाहिलेली तीन माणसे कधी एका शब्दात सांगत नाहीत. एक बैलाचा रंग चुकवतो, दुसरा उन्हाचे बोलतो, तिसऱ्याला आपले भांडण आठवते. एका शब्दात बोलतो तो पढवलेला.

मी शेटजींच्या पेढीवर गेलो. त्यांनी गादीवर बसवून पान दिले.

"ठाणेदार, तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. "पिंजाऱ्या-गाडीवानांना हिशोब कळतो का? दवंडी हा एक रिवाज आहे. साहेबाचा हुकूम, म्हणून करायचा. उद्या हे लोक आम्हाला जाब विचारू लागले तर कमिटीत बसेल कोण?"

"पण बैल सोळा जोड्या आहेत ना?"

"साहेबांनी वैशाखात स्वतः तपासले. गाड्या सगळ्या पेठांत फिरतात, एका जागी कशा दिसतील? पोळ्याला या. सोळाच्या सोळा जोड्या तोरणाखाली उभ्या करतो. झुली मी माझ्या देखत शिवून घेतल्या आहेत. ते पाहा आणि मग त्या पिंजाऱ्याचे चलान कोर्टात पाठवा. बाजारातली त्याची जागाही काढून घ्यायची आहे."

'तुम्ही शिकलेले आहात' हे शब्द मला चाबकासारखे लागले. चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. माझ्या शाळेवर छप्पर चढले ते लोकांनी दिलेल्या पट्टीतून. कोणी धान्य दिले, कोणी लाकूड दिले, कोणी अंगमेहनत केली. त्यांच्यातल्या बहुतेकांना सही येत नव्हती. पण छप्पर झाल्यावर गुरुजींनी सगळ्यांना पारावर बसवून, कशाला काय लागले ते तोंडी सांगितले होते, आणि एका म्हातारबाने दोन वाशांचा हिशोब परत मागितला होता. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी वासे दाखवले. असे लोक अडाणी, आणि कचऱ्यात शहर बुडवणारे शहाणे!

शिक्षण शाळेने दिले, पण बैल मला घरानेच शिकवले होते. बाकीच्या दिवशी बैल कोठे आहे याला शंभर उत्तरे असतात: गाडीला आहे, चरायला आहे, नाल बांधायला नेला आहे. पोळ्याला एकच उत्तर. त्या दिवशी आमच्या वऱ्हाडात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि कोणी धनी आपला बैल तोरणाबाहेर ठेवत नाही. शेटजींनी बढाईत तोच दिवस निवडला होता. मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आमच्या कचरागाड्यांच्या ठेकेदाराने, ज्याच्या ताब्यात कमिटीचे बैल असत आणि जो शेटजींचाच भागीदार होता, त्या वर्षी अकोल्याच्या कमिटीचाही तसाच ठेका घेतला होता. पोळा दोन्ही शहरांत एकाच दिवशी असतो. मी अकोल्याच्या ठाणेदाराला चिठ्ठी लिहिली: तुमच्या तोरणाखाली कमिटीचे बैल किती येतात ते पाहून ठेवा, आणि त्यांच्या अंगावर मालकीचा डाग, डागणीची खूण, कसा असतो तेही कळवा.

पोळ्याच्या दिवशी दुपारपासून मी बंदोबस्ताला तोरणापाशी होतो. आंब्याच्या पानांचे तोरण, रंगवलेली शिंगे, बेगडी बाशिंगे, वाजंत्री. मानाच्या जोडीमागून एकेक घरचे बैल आले. शेवटी कमिटीचे आले. पुऱ्या सोळा जोड्या! पाठीवर नव्या लाल झुली, पार मांडीपर्यंत. लोकांत कुजबूज झाली. कोणीतरी ओरडले, "आता मियांचं नाक घासायले आणा!" शेटजींनी माझ्याकडे पाहून मिशीवर हात फिरवला.

मला क्षणभर वाटले, पिंजारी चुकला. मग लहानपणीच्या सवयीने मी पुढे होऊन एका बैलाला पुरणपोळीचा घास दिला आणि झुलीखाली हात घालून मागच्या पायावरचा पुठ्ठा थोपटला. आमच्या कमिटीचा डाग डाव्या पुठ्ठ्यावर गोल असे. तो माझ्यासमोर ठाण्याच्या पटांगणात दिलेला होता. इथे डावा पुठ्ठा सपाट लागला. मी फिरून उजवीकडे आलो. तिथे दोन उभ्या रेघांचा डाग होता.

पुढच्या जोडीला घास दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या जोडीला मी झूल वर उचलली. ठेकेदार धावत आला.

"साहेब, सणाच्या दिवशी झूल काहून काढता?"

"हा डाग कोणाचा?"

"जुन्या मालकाचा असंन."

"याचा? आणि त्याचा?"

"एकाच मालकापासून घेतले, साहेब."

"अकोल्याच्या कमिटीचे बैल आज कोठे आहेत?"

"अकोल्यात. तोरणाखाली. दुसरीकडे कुठं राहतीन?"

तेच वाक्य मला हवे होते. मी तिथल्या तिथे पंच बोलावले, झुली उतरवल्या आणि पंचनामा केला. निम्म्या बैलांवर आमचा डाग नव्हताच. ठेकेदाराचे उत्तर जबानीत लिहून त्याची सही घेतली. लोक भोवती दाटले, पण हसले नाहीत. शेटजी कधी निघून गेले ते कोणी पाहिले नाही.

अकोल्याचे उत्तर आले. तिथे तोरणाखाली कमिटीचा एकही बैल आला नव्हता. ठेकेदाराच्या माणसाने, जोड्या अमरावतीला 'मानाच्या पोळ्याला' नेल्या आहेत असे सांगितले होते. डाग उजव्या पुठ्ठ्यावर, दोन उभ्या रेघा. मी ते उत्तर ठेकेदाराला वाचून दाखवले. तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहू लागला. मी घाई केली नाही. चौकशीत घाई करणाऱ्याला आरोपी खोटे सांगतो, आणि गप्प बसणाऱ्यापुढे आरोपीलाच शांतता सोसत नाही.

"हंगामात बैलाले सोन्याचा भाव आला होता, साहेब," तो शेवटी म्हणाला. "गाडीवान आम्ही मांगू ते पैसे द्यायचे. दोन्हीकडच्या निम्म्या जोड्या इकल्या. भाव उतरले की परत घेऊ म्हटलं. कचरा काय, आज नाही उचलला तं उद्या उचलता येते."

दोन्ही शहरांतल्या साहेबांच्या तपासण्या वेगवेगळ्या आठवड्यांत होत. उरलेले बैल इकडून तिकडे चालवत नेऊन दोन्हीकडे पुरे दाखवले जात. पोळ्याच्या दिवशी मात्र एक बैल दोन तोरणांखाली उभा राहू शकत नव्हता. शहराची मालमत्ता विकली, विकलेल्या बैलांचा चारा शहराकडून घेतला, आणि ज्या मोहल्ल्यांची गाडी बंद झाली तिथून मयती उठल्या. उद्या उचलता येते म्हणे! मी पुष्कळ आरोपींशी सभ्यपणे बोललो आहे. त्या दिवशी मला उठून बाहेर जावे लागले.

ठेकेदाराला शिक्षा झाली. शेटजींनी 'मला काय ठाऊक?' एवढे म्हटले, आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा मला मिळाला नाही. पिंजाऱ्यावरची फिर्याद त्याआधीच निकाली निघाली होती. सुपरिंटेंडेंट साहेबांनी कागदावर सही केली, आणि मी त्याला सोडले. त्याच दिवशी शेटजींचा निरोप आला: गुन्हा नसला तरी कमिटीची बेअदबी झाली आहे, त्याने माफीनामा लिहून द्यावा, म्हणजे बाजारातली जागा राहू देऊ.

निरोप सांगणे माझे काम होते. मी सांगितला. पिंजाऱ्याने कमान खांद्यावर घेतली.

"देतो ना साहेब माफी," तो म्हणाला. "पण शेटजीले म्हणा, मी कायची माफी मांगून राहिलो ते चारही चौकांत दवंडी पिटून सांगा. लोकायले समजलं पायजे ना."

हा निरोप मी शब्दन् शब्द पोचवला. माफीनामा पुन्हा कोणी मागितला नाही, आणि त्याची जागाही कोणी काढली नाही. पण कमिटीने दुसरा ठराव केला. दवंडीने लोकांत गैरसमज पसरतो, सबब जमाखर्च यापुढे कमिटीच्या कचेरीतच ठेवावा. चोरी उघडकीस आली, तर त्यांनी चोराची वाट बुजवली नाही, खिडकी बुजवली. मी याविरुद्ध वर लिहिले. उत्तर आले की हा विषय पोलीस खात्याचा नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. लोकांना हिशोब कळत नाही असे जो म्हणतो, त्याला लोकांना तो कळण्याची भीती असते. माझ्या नोकरीत तरी याला अपवाद सापडला नाही.

आता मी निवृत्त आहे आणि सगळ्यांसारखी घरपट्टी भरतो. दर वर्षी जमाखर्च तयार झाला की मी कमिटीच्या कचेरीत जातो. तिथला कारकून तरुण आहे, वागायला नम्र आहे. तो म्हणतो, "साहेब, तुम्हाला पेन्शन आहे, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी खिशातून घरपट्टीची पावती काढून त्याच्यापुढे ठेवतो आणि सांगतो, "मी दिले त्याची पावती तुम्ही मला दिलीत, बाबा. आता तुम्ही खर्च केलात त्याची मला दाखवा." तो कपाटाची किल्ली शोधू लागतो. किल्ली सापडेपर्यंत मी तिथेच बसतो.