ठिपक्यांचा चुडा
टपाल कचेरीत पार्सलवर लाख वितळवली की येरमाळ्यातली एक दुपार आठवते. एकोणीसशे साठच्या आसपास, थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, लाखेच्या बांगड्या भरणारी मन्यारीण शेगडी घेऊन आमच्या ओसरीवर बसली होती. लाखेत पिवळी हरताळ आणि नीळ मळून तिनं हिरवा रंग केला, कांडी वळली आणि ती ऊन असतानाच बहिणीच्या मनगटावर चुडा जुळवला. निवताच तो काळा दिसू लागला. नीळ जास्त पडली होती. नवरीला काळा रंग अशुभ, आणि एकदा भरलेला चुडा लग्नाआधी उतरवायचा नाही. आई म्हणाली, “भाभी, काय केलंत हे? वऱ्हाड मांडवातनं माघारी जाईल!” “उन्हात बघा की, हिरवाच हाय,” मन्यारीण पुटपुटली. “लग्न गोरजाला हाय. ऊन काय तुम्ही आणणार?” शेवटी बहीणच म्हणाली, “वरनं पिवळे ठिपके द्या.” चुड्याखाली ओला फडका सारून मन्यारणीनं पिवळ्या लाखेचे थेंब सोडले. एक थेंब मनगटावर पडला. बहीण हलली नाही. मांडवात सासूनं ठिपक्यांची तारीफ केली. मनगटावरचा तो भाजल्याचा डाग अजून आहे. नातवंडांनी विचारलं तर बहीण आजही तेल उडालं म्हणून सांगते.