अखाजीपासून मोजलेले दिवस

आयुष्यात बायकोवर मी तीनदा हात उचलला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तिच्या पोटात गाठ होती आणि मी दिवस मोजत होतो.

नव्वदनंतरची गोष्ट. मी मस्कतला वेल्डर होतो, शिक्षण चौथी. कॅम्पातल्या जोडीदाराने सांगितलं होतं, एका वर्षात भारतात एकशे ब्याऐंशी दिवस भरले की सरकार तुला इथला रहिवासी धरतं, मग तिकडच्या कमाईवरही कर. वर्ष कुठून कुठपर्यंत, हे मी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? आखातात जायच्या आधी मी बारा वर्षं सालदार होतो, वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी. सालदार अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मालकाकडे लागतो आणि पुढच्या अखाजीला सुटतो. आमच्याकडे वर्ष म्हणजे तेच.

त्या साली पावसाळ्यात साठ दिवस गावी होतो. परत गेलो. डिसेंबरात तिथलं काम संपलं, साक्रीजवळ आमच्या गावी आलो, तर बायको अंथरुणावर. नवा व्हिसा हातात होता, जायला जूनपर्यंत मुदत होती. पण चैत्रात भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा मोजल्या, तर पावसाळ्यातले साठ धरून एकशे अठ्ठ्याहत्तर. अखाजी अजून दहा दिवसांवर, त्याआधीच एकशे ब्याऐंशी भरणार.

"परवा निघतो," मी म्हणालो.

सकाळी पासपोर्ट पेटीत नव्हता. ज्वारीच्या कणगीपाशी ती भिंतीला धरून उभी होती.

"बठ्ठं जग अखाजीले घर येस," ती म्हणाली, "आन तुम्ही घर सोडी चालनात."

"बाजूला हो."

"माले आधी मारी टाका, मंग जा."

मी थोबाडीत मारली. ती कणगीवर आदळली, झाकण पडलं, दाणे घरभर. तेवढ्यात तिचा भाऊ दारात आला. अखाजीसाठी बहिणीला माहेरी न्यायला आला होता. त्याने माझी कॉलर धरली.

"दाजी, माणूस शे का ढोर? मरत्या बाईले मारस?"

हाताशी मुसळ होतं. तेच घातलं त्याच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो खाली बसला, ती किंचाळली, आणि मी त्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून पासपोर्ट काढला. एकशे ऐंशीव्या दिवशी विमानात बसलो.

अखाजीनंतर सहाव्या दिवशी ती गेली. कंपनीने सोडलं नाही, तेराव्यालाही मी नव्हतो. दसऱ्याला नोकरीच सोडून आलो. रेघा मोजण्यात दोन दिवस चुकले असले तर कर लागतो की काय, या भीतीने धुळ्याला कराच्या वकिलाकडे गेलो. त्याने शिक्के पाहिले.

"नाना, गेलात कशाला घाईने?"

"दिवस भरत आले होते."

"कुठून मोजले?"

"अखाजीपासून."

तो हसला. "अहो, सरकारचं वर्ष एक एप्रिलला लागतं. मार्चअखेर जुने दिवस संपले. तुम्ही निघालात तेव्हा नव्या वर्षाचे पंधरा-वीसच झाले होते. सप्टेंबरपर्यंत घरी बसता आलं असतं."

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. टेबल उलटं केलं, फायली तुडवल्या, खुर्ची काचेच्या कपाटात फेकली. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी मला फरफटत जिन्यावरून खाली टाकलं. वकील वरून रक्त पुसत ओरडला, "मी काय केलं रे तुझं?"

त्याने काहीच केलं नव्हतं.

तसाच एसटीत बसून मेहुण्याच्या गावी गेलो. तो ओसरीवर होता. मी सगळं सांगितलं. ती जाईपर्यंत तिच्यापाशी बसता आलं असतं, हेही. मग कोपऱ्यातली काठी उचलून त्याच्यापुढे धरली.

"मार."

त्याने काठी घेतली आणि मारलं. खांद्यावर, पाठीवर, मी खाली पडल्यावरही. डाव्या हातानेच मारत होता. उजव्यात काठी धरता येत नव्हती.