नकाशातल्या घागरी

भूजलाच्या कामात पाणी लागेलच याची गॅरंटी न्हाई, किस्से मात्र दर गावाला लागतात. हिंगोलीच्या आमच्या ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की तेच सुरू होतं, अन् त्यातले निम्मे आमच्या शेख मॅडमचे. मी केबल ओढणारा माणूस. जमिनीत सळया ठोकायच्या, करंट सोडायचा, मशीनवरचे आकडे आणून द्यायचे. त्या आकड्यांचं मॅडम कॉम्प्युटरवर चित्र करतात. न खोदता जमिनीच्या पोटातलं दिसतं! मला तर अजून नवल वाटतं.

जवळा बाजारच्या पुढच्या एका गावाचंच सांगतो. गावाला एकच बोअर मंजूर होता. तो कोरडा गेला तर यंदा दुसरा न्हाई, अन् बायांची ओढ्यापलीकडच्या विहिरीपर्यंतची पायपीट तशीच. जागा सांगायची होती मॅडमला.

* * *

मी हौसेनं सरपंचाला आकड्यांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला.

"हे मटक्याचं हाय का हो?"

"न्हाई हो, जमिनीच्या आतले आकडे हायेत."

"मग ओपन कोणता अन् क्लोज कोणता?"

मॅडमनी कागद काढून घेतला. म्हणाल्या, "आपण चित्रच दाखवू."

* * *

पहिलं चित्र नेहमीच्या रंगांत होतं. निळं म्हणजे पाणी, लाल म्हणजे कोरडा खडक. पारावर ते लावलं, तर सरपंचाच्या वावरात मधोमध लालभडक ठिपका. सरपंच उठून चित्राच्या पाया पडले.

"कुंकू लागलं! माझ्याच वावरात खोदा."

"काका, तिथं नुसता दगड आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग त्याला काहून नटवलं?"

* * *

लाल काढून पिवळं टाकलं. आता हा सगळा हळदीचा मुलूख. ज्याच्या शेतावर पिवळं आलं, तो यंदा हळद जोरात पिकणार म्हणून शेजाऱ्याला चहा पाजायला निघाला. मग मॅडमनी केशरी अन् हिरवं वापरून पाहिलं. तर मागून एक जण उठला.

"हिरवं त्यांच्या गल्लीकडं, केशरी आमच्याकडं, ही वाटणी कोणी केली?"

"दादा, दगडानं केली."

सभा हसली. विचारणाराही हसला.

* * *

दुसरं कुणी असतं तर 'या लोकांना काही कळत न्हाई' म्हणून गाडीत बसलं असतं. मॅडम म्हणाल्या, "चूक चित्राची आहे." अन् सरळ ओढ्यापलीकडं बायांमध्ये जाऊन बसल्या. तिथं सखूबाई म्हणून एक म्हातारी होती. ती म्हणाली, "रंग काहून लावून राहिली माय? कुठं किती घागरी पाणी, तेवढं सांग."

मॅडमनी सगळे रंग पुसले. जिथं पाण्याची आशा जास्त तिथं घागरी दाटीनं काढल्या, जिथं कमी तिथं विरळ. हा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला अन् पोरंसोरंबी घागरी मोजू लागली. सगळ्यात दाट घागरी शाळेमागं होत्या. सरपंचांनी आपलं वावर शोधलं.

"माझ्यात एकबी न्हाई?"

"एकही नाही, काका."

"बरं. शाळेमागं खोदा."

इतक्या वर्षांत असलं काम मी पाहिलं न्हाई. मला मॅडमचा लय अभिमान वाटला.

* * *

बोअरची गाडी आली. धूळ उडत राहिली, नुसती पांढरी धूळ. मॅडमची ओढणी पांढरी झाली, डबा तसाच राहिला. गाडीवाला म्हणाला, "बंद करू का?" सगळं गाव मॅडमकडं पाहू लागलं. मॅडम म्हणाल्या, "अजून थोडं."

थोड्या वेळानं धुळीचा चिखल झाला, अन् मग पाणीच उसळलं. बाया ओरडल्या, मॅडम रडल्या, मीही डोळे पुसले.

गढूळ पाणी वाहून निवळल्यावर सखूबाईनं घागर भरली, कमरेवर घेतली अन् शाळेच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिथूनच मॅडमला हाक मारली.

"पोरी, यातली एक घागर पूस. ती मी घरी घेऊन चालले."