होणाऱ्या आमदार नलिनीताई

अनोळखी माणूस भेटला की नलिनीताई ठोंबरे दोन्ही हात जोडून म्हणायच्या, "नमस्कार, मी नलिनी ठोंबरे. होणारी आमदार." हे त्या गमतीनं म्हणत नसत. एखाद्यानं 'मी पोस्टात असतो' असं सांगावं, तितक्या साध्या सुरात म्हणत. समोरच्याला हसावं की नमस्कार करावा ते कळायचं नाही. तोवर ताईंच्या पिशवीतून वही बाहेर आलेली असायची आणि पुढचा प्रश्न तयार असायचा, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

मलाही त्या अशाच भेटल्या. भारनियमनाची ती वर्षं. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं छोटंसं दुकान होतं. वीज गेल्यामुळे मी दारात उभा होतो, तर या समोर. वय साठीच्या आत-बाहेर, सुती साडी, पायात बाटाच्या चपला. मूळच्या पेणकडच्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, स्वेच्छानिवृत्ती घेऊन जेसल पार्कात एकट्याच राहायच्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. त्यांना दर पंधरवड्याला एक पान काढायचं होतं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, 'शेजारपत्र'.

"आमदारकीचा प्रचार का?" मी विचारलं.

"प्रचारच. पण त्यात माझा फोटो नको. माझा चेहरा बघून कुणाच्या घरी काय फरक पडतो?"

पुढची पाच-सहा वर्षं मी ते पान जुळवलं. कुठल्या सोसायटीत पाणी किती वेळ आलं, कुणाची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, कुठल्या गटारावर झाकण नाही, कोणता नगरसेवक कोणत्या सभेला हजर होता आणि तिथे काय बोलला, असं सगळं त्यात असायचं. विरोधकानं चांगलं काम केलं तर त्याचंही नाव असायचं. मी एकदा कुरकुरलो तेव्हा म्हणाल्या, "मोहन, केलं ते केलं. त्यानं केलेलं मी लपवलं, तर उद्या माझं कोण खरं मानेल?"

बातम्या त्या दारोदार फिरून गोळा करायच्या. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंशी त्यांची रोजची सुरुवात ठरलेली, "भाभी, आज पानी कितने बजे आया?" ऑपरेटरच्या नोकरीनं त्यांना ऐकायची सवय लावली होती. समोरचा कितीही वेळ बोलला तरी मध्ये तोडत नसत. एकदा त्यांच्याबरोबर उत्तनजवळच्या चौक गावात गेलो होतो. मासळी वाळत घालणाऱ्या बायकांपाशी ताई बसल्या त्या तासभर बसल्याच. जेट्टीबद्दल, बसबद्दल, दवाखान्याबद्दल लिहून घेत राहिल्या. शेवटी एक म्हातारी वैतागून म्हणाली, "बाय, तुला मत पायजे हाय का न्हाय? मागत तं न्हायस." ताई म्हणाल्या, "पाहिजे ना. पण तुमचं संपू दे आधी."

मग आमच्या शहराला पहिल्यांदाच स्वतःचा वेगळा विधानसभा मतदारसंघ मिळाला. ताईंनी अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं. निशाणी मिळाली शिलाई मशीन. भेटेल त्याला त्या निशाणी दाखवायच्या आणि वर सांगायच्या, "मला शिवता येत नाही हं, तेवढं आधीच सांगते."

निवडणुकीला महिना उरला असताना ती चूक झाली.

खाडीच्या बाजूला एक चाळ होती, सगळी रत्नागिरी-रायगडकडची कामकरी कुटुंबं. तिथे नळ नव्हता, टँकरवर भागायचं. त्या नळजोडणीसाठी ताई दोन वर्षं महापालिका कार्यालयाच्या पायऱ्या चढत होत्या. एके दिवशी त्यांना तिथून नळजोडणीच्या पत्राची प्रत मिळाली. त्यांनी ती उभ्या-उभ्या वाचली, आनंदानं तशाच माझ्याकडे आल्या, आणि आम्ही ठळक अक्षरांत छापलं की नळजोडणी मंजूर, येत्या आठवड्यात पाणी. पत्रात लिहिलं होतं 'मंजुरीसाठी सादर'. ताईंनी 'मंजुरी' एवढंच वाचलं होतं. मी तर पत्र पाहिलंही नव्हतं.

चाळीनं ताईंच्या पानावर विश्वास ठेवला. टँकरवाल्याला नको म्हणून सांगितलं, पिंपं घासून ठेवली. सुमनबाई आंबेरकर म्हणून एक होती, चार घरची धुणीभांडी करणारी. तिच्या मुलीची हळद त्याच आठवड्यात होती. गावाहून पाहुणे आले, आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. शेजारच्या बिल्डिंगमधून बादल्या मागून आणून तिनं हळद उरकली. नवरदेवाकडच्या मंडळींसमोर मान खाली गेली, ती वेगळीच.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आल्या तेव्हा ते पत्र त्यांच्या हातात होतं. खुर्चीवर बसल्या आणि ते माझ्यापुढे उलगडून ठेवलं. मग म्हणाल्या, "लिही. सगळ्यात वर. नळाची बातमी चुकीची होती. पत्र मी नीट वाचलं नाही. चूक माझी आहे, कार्यालयाची नाही."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतला. "ताई, मतदान होऊ दे. मग छापू."

"मतदानानंतर छापलं तर ती कबुली नव्हे, मोहन. ती सोय झाली."

"निदान चुकीची माहिती मिळाली, असं तरी लिहा."

"माहिती बरोबर मिळाली होती. मी चुकीची वाचली."

ते पान छापून झालं तसं त्यातली एक प्रत घेऊन ताई स्वतः चाळीत गेल्या. मी बरोबर होतो. प्रत्येक दारात त्यांनी तेच वाक्य सांगितलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी तोंडावर बोललं. सुमनबाईनं दार लावून घेतलं. ताई त्या बंद दारासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या. चार दिवसांत त्याच पानाच्या झेरॉक्स शहरभर वाटल्या गेल्या. कुणी वाटल्या ते कधी कळलं नाही.

ताई हरल्या. थोड्याथोडक्या नव्हे, अनामत जप्त होण्याइतक्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. "मला व्हायचं होतं रे आमदार. उगाच कशाला खोटं बोलू. फार व्हायचं होतं." त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच. त्यांना ऐकायची सवय होती, त्या दिवशी ते काम माझं होतं.

पुढच्या सोमवारी त्या नळजोडणीच्या फायलीमागे पुन्हा कार्यालयात गेल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही. हळूहळू चाळीतल्या बायका त्यांच्याबरोबर जायला लागल्या, आधी दोघी, मग दहा-बारा. वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी चाळीत नळ आला. 'शेजारपत्रा'त ती बातमी छापायच्या आधी ताईंनी स्वतः नळ सोडून पाहिला.

त्यानंतर काही वर्षांनी हृदयविकारानं त्या गेल्या. जेसल पार्कात सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. दोन-तीन पुढारी येऊन बोलून गेले. मग मागच्या रांगेतून सुमनबाई उठली. माइक तिनं हातात घेतला नाही.

"मी ताईंना मत नव्हतं दिलं," ती म्हणाली. "पोरीच्या हळदीचा राग होता. मुद्दाम दुसऱ्याला दिलं. नंतर त्या परत आल्या चाळीत, तेव्हा मी त्यांना तोंडावर सांगितलं. म्हटलं, तुम्हाला नाय दिलं मी मत."

"मग काय म्हणाल्या?" पुढून कुणीतरी विचारलं.

"म्हणाल्या, बरोबर केलंस सुमन. मी चुकले, तू मत दिलं नाहीस. ते असंच असायला पाहिजे." सुमनबाईनं पदर सावरला. "मग म्हणाल्या, आता नळाच्या अर्जावर सही कर. सोमवारी आपल्याला जायचंय."