हिरालालभाऊंची उलटी दुर्बीण

हिरालालभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गोमाई नदीच्या काठावर, तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण मांडून, एक डोळा मिटून वाकले होते. मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला असेल.

पुण्याच्या कॉलेजातून इंजिनेरी शिकून आलेले आपल्या भागातले ते पहिलेच. शिकले काय, तर जमीन मोजणं, दगड पारखणं, चुना मळणं. त्यांच्या आई सगळ्यांना सांगायच्या, "इतलं तं आम्हना सालदारबी करस!" पण सांगताना मान अशी ताठ, की डोक्यावरचा पदर सरकायचा.

भाऊ आले होते पुलाची मोजणी करायला. माझी रुखमी पलीकडच्या गावी दिलेली. नदीला पाणी आलं की चार-चार महिने लेकीचं तोंड दिसायचं नाही. पहिलं बाळंतपण पावसाळ्यात आलं तर माहेरी येणं नाही, हे तिच्या सासूनं आधीच बजावलेलं. म्हणून मी त्या पुलाची वाट बघत होते.

आणि तिसऱ्याच दिवशी मोजणी बंद पडली. आमच्या कोतवालानं दुर्बिणीत डोकावून गावभर केलं, की आत माणसं उलटी दिसतात. समोर तर बायांचा पाणवठा! पाटील काठी घेऊन आले. "बायास्ले उलटं टांगीसन देखस हाऊ! दुर्बीण उचला, नहीतं नदीमां जाई!"

भाऊ बिचारे भिंगाचं सांगत बसले. कोणाला कळतंय? मोजणी अडूनच राहिली असती तर पूल खालच्या गावाला गेला असता. मी विधवा बाई, घरी विचारणारं कोणी नाही. पुढं झाले.

"पाटीलबाबा, तुम्ही त्या पलीकडच्या निशाणापाशी उभं ऱ्हावा. भाऊ, सरका, माले देखू द्या."

पाहिलं, तर पाटलांचे पाय आभाळात आणि मिशा खाली! मी हसून वाळूतच बसले. मग ओरडले, "पाटीलबाबा, पागोटं पडनं नही हो! धोतरबी जागावर शे!"

झालं. गावातल्या साऱ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, उलटे पाटील बघायला. शेवटी पाटील स्वतःच म्हणाले, "आते तुम्ही तठे उभ्या ऱ्हा, मी देखस." तिथं राग संपला.

पण मला अभिमान वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. सरकारी माणूस, त्यांना कोण अडवणार होतं? तरी दुसऱ्या दिवसापासून भाऊ सकाळ-संध्याकाळ पाणवठ्याकडे दुर्बीण फिरवेनात. तिथलं सगळं काम भर दुपारी, घाट मोकळा असताना. ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. चैत्राच्या उन्हात चेहरा काळा ठिक्कर पडला. मी म्हटलं, "भाऊ, असं तोंड घेऊन फिरलात तर पोरगी कोण देईल?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शोधा." शोधलीही मीच, त्याची तक्रार आजवर आलेली नाही.

पुढं भाऊंनी अक्कलकुव्याकडे डोंगरात रस्ते केले, नवापूरकडे ओढ्यांवर मोऱ्या बांधल्या. मोठे साहेब झाले. पण माझ्यासाठी त्यांचं मोठं काम एकच. पूल झाला त्याच साली श्रावणात, खाली नदी दोन्ही थड्या भरून चाललेली, आणि वरून रुखमीची बैलगाडी आली. दिवस भरलेली माझी लेक. भाऊ पाणी बघायला आलेले, कठड्याशी भिजत उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता गाडीकडेच धावले. मागून ते म्हणाले, "वहिनी, आज टिंगल नाही?"

तेव्हा तिच्या पोटात असलेला माझा नातू आज कॅनॉलवर ओव्हरसियर आहे. घरचे वकील करायला निघाले होते. भाऊंनी त्याला पुलाखाली नेलं, कमानीचा दगडन् दगड दाखवला, आणि पोरगा पुण्याला इंजिनेरी शिकायला गेला.

हिरालालभाऊ, साठी झाली म्हणून घोडी मोडून बसू नका. नातू तापीवर पूल बांधायचं म्हणतो. तो बघायला तुम्ही ठणठणीत पाहिजेत. त्या दिवशी तुम्हाला पलीकडे उभं करून दुर्बिणीत आधी मी बघणार आहे.

पागोटं घट्ट बांधून या.