खटका आणि खोकला

ॲमस्टरडॅममधल्या एका छोट्या प्रदर्शनात तो फोटो होता. तिरका रस्ता, सैनिकांचे बूट आणि कोपऱ्यात काळी सावली. ती पिशवीच्या कडेची, असं शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. फोटो त्यांच्या आईने काढलेला. आई ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा कोटावरचा पिवळा तारा उसवून, भाजीच्या पिशवीत कॅमेरा लपवून ती जर्मन सैनिकांचे फोटो काढायची आणि भूमिगतांकडे पोचवायची. कुणी त्या पिशवीकडे नुसती मान वळवली असती, तरी सगळं संपलं असतं.

"कॅमेऱ्याचा खटका ऐकू जाऊ नये म्हणून आई नेमकी तेव्हाच खोकायची," बाई म्हणाल्या. "युद्ध संपलं तरी खोकायचीच. माझ्या वाढदिवसालासुद्धा! मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया फोटो काढताना खोकतात."

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. युद्ध संपल्याचं घशातल्या भीतीला कुणी कळवलंच नव्हतं.

निघताना मी त्यांचा फोटो काढू का, असं विचारलं. त्या आनंदाने भिंतीपाशी उभ्या राहिल्या. माझ्या मोबाइलला खटक्याचा आवाजही नाही. मी बोट टेकवणार, तोच बाईंनी दाराकडे पाहिलं आणि त्या खोकल्या.