राहिलेला अर्धा राउंड

माझी शाळा सातवीत सुटली. पुढं चाळीस वर्षं मिरजेत स्कूटरी दुरुस्त केल्या. म्हणून इथं पेनसिल्व्हेनियात मुलानं शेजाऱ्याकडून जुनी स्नोमोबील घेतली तेव्हा मी बिचकलो नाही. बर्फावर पळणारी गाडी, पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रबरी पट्टा. आत इंजिन मात्र स्कूटरसारखं टू-स्ट्रोकच.

मागच्या थंडीत मी ती चालू केली आणि सवयीनं एक उद्योग केला. आमच्याकडं गिऱ्हाईक पहिलं विचारायचं, ॲव्हरेज किती देईल? त्यामुळं हात पेट्रोल कमी करायलाच जातो. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, काढून मी एक नंबर लहान बसवला. इथं कुणी मागितलं नव्हतं.

बायको म्हणाली, मला बसवा. साडीवर मुलाचं जाकीट चढवून मागं बसली. घरामागच्या रानाला कडेनं एक राउंड मारायचा होता. अर्ध्यात, मोठ्या मेपलपाशी, गाडी किंचाळली आणि जाम झाली. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. मी ते कमी केलेलं. पिस्टन तापून चिकटला. गुडघाभर बर्फातून चालत आलो आणि ती वाटभर हसत होती.

"अहो, इथं तरी ॲव्हरेज काढायचं सोडा. अर्धा राउंड राहिला माझा."

पुढच्या थंडीत घालतो म्हणालो. ऑक्टोबरात ती गेली.

या थंडीत मुलगा म्हणाला, गॅरेजात जागा अडते, विकून टाकू. शनिवारी एकजण न्यायला येणार होता, आहे तशी. मी म्हणालो, मला पिस्टन मागवून दे.

"बाबा, विकायचीच आहे तर रिपेअर कशाला करता?"

"तुझ्या आईचा अर्धा राउंड राहिलाय."

त्यानं तिथल्या तिथं फोनवर ऑर्डर केली.

खोकं गुरुवारी आलं. सिलिंडरच्या बोअरला आतून चिकटलेलं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरनं घासण्यात दुपार गेली. बोटं आता वळत नाहीत. पिस्टनचं एवढंसं लॉक उडालं, ते मी गुडघ्यावर रांगत शोधलं. पूर्वी असलं काही हरवलं की ती बघायची, तिला चटकन दिसायचं. मला अर्धा तास लागला. मूळचा जेट बडीशेपेच्या डबीत ठेवलेला होता, तो परत बसवला.

शनिवारी सकाळी दोरी ओढून ओढून खांदा गेला. एकदाची गाडी चालू झाली. दहा मिनिटं चालवून प्लग काढला. चहाच्या रंगाचा, म्हणजे पेट्रोल बरोबर; कमी पडलं की पांढरा होतो. मागच्या वेळी पांढराफटक असणार. तेव्हा काढून बघितला असता तर कळलं असतं. बघितला नाही.

मी एकटाच निघालो. मेपल आला. गाडी थांबली नाही. मेपल मागं पडला आणि माझा हात आपोआप मागं गेला. स्कूटरवर मी दर वळणाला तिला म्हणायचो, पदर आवर, चाकात जाईल. तेच तोंडातून निघालं.

"पदर आवर."

घरापर्यंत गाडी नीट आली. न्यायला आलेला माणूस दारात उभा होता. मुलानं हळूच विचारलं, द्यायची ना?

"दे," मी म्हणालो. "फक्त त्याला सांग, जेटला हात लावू नको म्हणावं."